मणीवाल्या अक्का

वर्गात दंगा सुरू झाला की अक्कांचा आवाज खाली यायचा. पोरं बाकांवर चढलेली असायची, कुणी कुणाची पेन्सिल पळवलेली असायची, मागच्या रांगेत दोघांची झोंबाझोंबी चाललेली असायची, आणि अक्का त्यातल्या कुणाकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. शहाण्यासारख्या बसलेल्या एखाद्या मुलीपाशी जाऊन, जणू घरातलं काही गुपित सांगताहेत अशा सुरात म्हणायच्या, "मंजुळा, किती ताठ बसलीस गं! पाठ बघा हिची." मग भिंतीवर टांगलेल्या मंजुळाच्या दोऱ्यात एक लाकडी मणी ओवायच्या. तो आधीच्या मण्यावर पडून टक् असा आवाज व्हायचा. तो ऐकला की बाकांवरची पोरं खाली उतरायची, पेन्सिली मालकांकडे परत जायच्या आणि चाळीसेक पाठी एकदम ताठ व्हायच्या.

बी.एड. झाल्यावर बेंगळूरला बोम्मसंद्रातल्या ज्या शाळेत मला पहिली नोकरी मिळाली, तिथे अक्का शिकवायच्या. आजूबाजूला सगळे कारखाने, मुलं तिथल्या कामगारांची. अक्का पहिलीचा वर्ग हातात घ्यायच्या आणि तोच वर्ग घेऊन तिसरीपर्यंत वर चढायच्या. मी आलो तेव्हा त्यांची शेवटची तुकडी तिसरीत होती आणि त्या वर्षअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. त्या वर्गाचं गणित माझ्याकडे आलं. मुलांशी आम्ही दोघंही कन्नडात बोलायचो. एकमेकांशी मात्र मराठीत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'जरा'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी' सारखे यायचे. मी निपाणीकडचा, मला ते परकं वाटायचं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, केलं आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं चित्रान्न, आपला फोडणीचा लिंबूभात, माझ्या झाकणात वाढलं.

मी ज्या शाळेत शिकलो तिथे शिक्षकांच्या टेबलावर दोन वस्तू असायच्या, खडूचा डबा आणि निरगुडीची छडी. माझे वडील तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि त्या छडीबद्दल माझ्या मनात राग नाही. त्या गुरुजींनी मला पाढे दिले, फी भरायला उशीर झाला तेव्हा वर्गात बसू दिलं. पण शिकवणं म्हणजे थोडं मारणं आलंच, अशी माझी समजूत झाली होती, हे खरं. अक्कांच्या वर्गात पहिला आठवडा काढल्यावर ती समजूत गेली. तिथे छडी नव्हती, उठाबशा नव्हत्या, वर्गाबाहेर उभं करणंही नव्हतं. चुकीकडे त्या बघायच्याच नाहीत. "आपण बघतो ना तम्मा, तेच त्या पोराला खाऊ वाटतं," त्या म्हणायच्या. "बघणं थांबवलं की निम्मी खोडी उपाशी मरते."

मणी चन्नपट्टणहून यायचे. तिथल्या एका खेळणी करणाऱ्याकडून अक्का रंग उडालेले, थोडे वाकडे असे टाकाऊ मणी पिशवी भरून आणायच्या. त्यांचे नियम ठरलेले होते. मणी लगेच द्यायचा, संध्याकाळी नाही. "उद्याचा लाडू पोराला कडू." कशासाठी दिला ते त्याच वाक्यात सांगायचं. आणि एकदा दिलेला मणी काही झालं तरी परत घ्यायचा नाही. दोरा भरला की मुलाने तो घरी न्यायचा आणि नवा सुरू करायचा, त्यामुळे भिंतीकडे बघून कोण पुढे कोण मागे हे कुणालाच सांगता यायचं नाही. वर्गात तेलुगू, तमिळ, उडिया, बिहारकडची हिंदी, उत्तर कर्नाटकातलं कन्नड, सगळं बोलणारी मुलं. जूनमध्ये नव्या आलेल्या मुलाला 'शाबास'चा अर्थ कळायचा नाही. मणी कळायचा.

बी.एड.ला आम्हाला वर्तनवादावर एक प्रकरण होतं. घंटा ऐकून लाळ गाळणारा कुत्रा आणि दाण्यासाठी कळ दाबणारं कबूतर एवढंच मला त्यातलं आठवत होतं. परीक्षेत 'गुण व मर्यादा लिहा' असा प्रश्न आला होता आणि मी पाठ केलेलं लिहून मोकळा झालो होतो. ते सारं प्रकरण इथे जिवंत चालताना बघून मी एकदा अक्कांना म्हटलं, "अक्का, हे तर कबुतराचंच झालं." त्या रागावल्या नाहीत. "माझी पोरं कबुतरं नाहीत रे. पण कबुतराला जे कळतं ते पोराला कळत नाही असं कोणी सांगितलं तुला?"

त्यांच्या वर्गात बसू नावाचा मुलगा होता. पहिलीत तो चावायचा. रागावला की, आनंद झाला की, कधी उगाचच. बाकीच्या शिक्षिका त्याच्या आईला बोलावून थकल्या. अक्कांनी त्याला जवळ बसवलं आणि एक कविता संपेपर्यंत कुणाला चावला नाही तर मणी, असं सुरू केलं. मग दोन कविता. मग प्रार्थनेपासून मधल्या सुट्टीपर्यंत. दिवाळीपर्यंत बसूचं चावणं सुटलं आणि शेजाऱ्यांनी त्याच्या बाकावर परत बसायला सुरुवात केली. मी त्याला पाहिला तेव्हा तो वर्गातला सगळ्यात लाघवी मुलगा होता. उपदेश करून हे झालं नसतं, मारून तर नाहीच.

मोठी माणसंही त्यांच्या तावडीतून सुटायची नाहीत. संध्याकाळी होसूर रोडवर मीटरने येणारा रिक्षावाला मिळणं कठीण. एक जण चुकून आला, तर उतरताना अक्का त्याला म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या रिक्षात बसलं की जीव निवांत होतो. खड्डा आला कधी, गेला कधी, कळलंच नाही." दुसऱ्या दिवशी तोच रिक्षावाला शाळा सुटायच्या वेळेला फाटकापाशी उभा. माझं फळ्यावरचं लिखाण उतरणीला लागायचं. अक्कांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. एखादी ओळ चुकून सरळ आली की तेवढ्यावर बोट ठेवायच्या. "ही बघ, दोरी लावल्यासारखी आली." काही आठवड्यांनी माझा सगळा फळा सरळ झाला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अक्का, तुम्ही मलाही मणी घालताय!"

"मग? कुठे दुखलं का तुला?"

एका शनिवारी एका कंपनीतली काही मंडळी मुलांना गोष्टी सांगायला आली. त्यांतला पुण्याचा एक तरुण भिंतीवरचे दोरे बघून हरखला. "मॅडम, हे सगळं ॲपवर आणता येईल. प्रत्येकाला पॉइंट्स, पेरेंट्सना नोटिफिकेशन, आणि एक लीडरबोर्ड. मी वीकेंडला बसून करून देतो."

"लीडरबोर्ड म्हणजे काय असतं?"

"म्हणजे टॉपला कोण आहे ते दिसतं."

"मग तळाला कोण आहे तेही दिसत असेल."

"हो, म्हणजे, ऑब्व्हियसली."

"मग बेड बाबा, नको," अक्का म्हणाल्या. "तू गोष्ट छान सांगितलीस हं. वाघाचा आवाज तर अगदी पोटातून काढलास." तो लाजला, आणि पुढच्या शनिवारी नवी गोष्ट घेऊन परत आला.

एवढं सगळं डोळ्यांनी बघूनही माझ्या मनात एक गोष्ट खुपायला लागली होती. मैदानात एक लहान मुलगी पडली, गुडघा फुटला. बसू धावत गेला, तिला उठवलं, नळापाशी नेऊन जखम धुतली. मी बघत होतो. मला फार बरं वाटलं. मग तो माझ्यापाशी आला आणि त्याने तळहात पुढे केला.

"काय रे?"

"मणी, सर."

मी हे अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "होतं असं. दूध पाहिजे तर शेणही उचलावं लागतं."

"पण अक्का, मणी नसता तर त्याने उचललं असतं का तिला?"

"ते मला कसं कळणार? त्याच्या मनात शिरायला वाट आहे का मला? त्याने उचललं, एवढं मला दिसलं. मी दिसतं तेवढंच धरते, तम्मा. मनातलं धरायला गेले तर माझ्या हाती माझीच कल्पना लागायची."

हे त्यांचं खरं तत्त्व होतं. आणि माझी अडचण तिथेच होती. गणिताच्या तासाला मी विचारायचो, "सात आणि पाच?" सगळा वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा. "कळलं?" विचारलं की सगळ्या माना डोलायच्या. अक्कांनी त्यांना दोन वर्षं सुंदर सवय लावली होती. पण मी बारकाईने बघायला लागलो तेव्हा मला दिसलं की हुशार तीनचार मुलं आधी तोंड उघडतात आणि बाकीची त्यांच्या सुरात सूर मिसळतात. मी म्हटलं, "अक्का, अर्ध्यांना कळत नाहीये. ती शेजाऱ्याकडे बघून वागताहेत." त्या म्हणाल्या, "मग बघायला नको असं काहीतरी कर. मी मागे बसते."

दुसऱ्या दिवशी मी मुलांना खेळ समजावून सांगितला. सगळ्यांनी डोळे मिटायचे. मी बेरीज सांगेन, उत्तर बोटांनी दाखवायचं. मी 'उघडा' म्हटलं की डोळे उघडायचे. अक्का मागच्या बाकावर वह्या तपासत बसल्या होत्या. सगळ्यांनी डोळे मिटले. मी पहिली बेरीज सांगितली. बोटं वर आली, काही बरोबर, बरीच चूक, जे मला अक्कांना दाखवायचंच होतं. फक्त रेणुकाचे हात मांडीवर होते. रेणुका म्हणजे तिसऱ्या बाकावरची, तेलुगू घरातली, फार कमी बोलणारी मुलगी. पहिलीपासून अक्कांच्या वर्गात होती. तिच्याएवढे दोरे कुणी घरी नेले नसतील, इतकी ती शांत आणि आज्ञाधारक होती.

मी 'उघडा' म्हटलं. सगळ्यांनी डोळे उघडले. रेणुका तशीच, पाठ ताठ, डोळे मिटलेले. अक्कांनी मागून तिची ताठ पाठ पाहिली आणि सवयीने उठून पुढे आल्या. "बघा, रेणुका किती छान डोळे मिटून बसली आहे!" भिंतीपाशी जाऊन त्यांनी तिच्या दोऱ्यात मणी ओवला. टक् झालं. सगळ्या वर्गाने माना वळवल्या. रेणुकाने नाही. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळे हसायला लागले. एवढ्या हसण्यातही तिचे डोळे उघडले नाहीत. शेवटी शेजारच्या मंजुळाने तिला कोपराने ढोसलं. तिने डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं, आणि सगळे हसताहेत हे दिसल्यावर तीही हसली.

अक्का भिंतीपाशीच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी त्यापूर्वी तसा पाहिला नव्हता.

मधल्या सुट्टीत त्यांनी रेणुकाला खिडकीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून हाक मारली. मग आणखी जवळून. मग टाळी वाजवली. अगदी कानामागे जोरात टाळी वाजवल्यावर ती वळली आणि वळल्या वळल्या तिने हात जोडून 'नमस्ते टीचर' म्हटलं, कारण आपण काहीतरी करायचं होतं एवढं तिला कळलं असावं. अक्का मला म्हणाल्या, "ही ऐकत नाही रे. ही बघते. सगळे उठले की उठते, सगळ्यांचं तोंड हललं की हलवते. आणि मी दोन वर्षं तिला त्याचेच मणी देत बसले."

मी म्हटलं, "भाषा नवी आहे म्हणून गप्प असते, असं सगळ्यांनाच वाटलं." ते खरंही होतं. आमच्याकडे कितीतरी मुलं वर्ष-वर्ष गप्प असायची, आणि मग एक दिवस कन्नडात घडाघडा बोलायला लागायची. आम्हाला थांबायची सवय होती.

"सगळ्यांना वाटू दे," अक्का म्हणाल्या. "तिच्यासमोर मी होते."

त्याच संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. तिची आई कपड्यांच्या कारखान्यातून नुकतीच आली होती, अंगावर कापसाचे तंतू होते. अक्कांनी बसायच्या आधीच सांगितलं की मुलीला नीट ऐकू येत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं, चूक माझी आहे. आई म्हणाली, "चूक कसली अक्का? तुम्ही तर कायम तिचं कौतुक करता." मग ती थांबली. "घरी हाक मारली की येत नाही. मला वाटायचं, शाळेत एवढी शहाणी आणि घरी मुद्दाम करते. मी मारलंय तिला त्यावरून." अक्का तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. रेणुका दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती आणि मान डोलवत होती.

सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. पूर्ण बहिरी नव्हती, समोरून, तोंडाकडे बघत असताना, मोठ्याने बोललेलं बरंच कळायचं. मागून, लांबून, गलक्यात काही नाही. श्रवणयंत्र मिळालं तेव्हा पावसाळा संपून थंडी सुरू झाली होती. आता प्रश्न मिटला असं मला वाटलं. रेणुका ते यंत्र कानातून काढून कंपासपेटीत ठेवायला लागली. इतकी वर्षं शांततेत काढलेल्या मुलीच्या कानात एकदम पंख्याची घरघर, बाकांची खरखर, बाहेरच्या ट्रकांचे हॉर्न ओतल्यावर ती दुसरं काय करणार? समजावून सांगायचं तर ऐकायला ते कानात हवं.

इथे मला अक्कांचा वर्तनवाद पुन्हा नव्याने कळला. पहिल्या दिवशी यंत्र नुसतं हातात धरायचं. मग रिकाम्या ग्रंथालयात, जिथे आवाज नाही, तिथे एका चित्राचं पान बघून होईपर्यंत कानात. मग दोन पानं. मग प्रार्थनेला. प्रत्येक पायरीला मणी, त्याच क्षणी. घाई नाही, रागावणं नाही, मागे गेली तर मागच्या पायरीपासून पुन्हा. मी अक्कांशी मण्यांवरून वाद घातले होते, आणि त्याच मण्यांनी ते यंत्र तिच्या कानात टिकवलं. संक्रांतीच्या सुमारास ती दिवसभर ते लावून बसायला लागली. परीक्षेतल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला आज लिहायला सांगितलं तर 'गुण' या मथळ्याखाली मी एवढंच लिहीन.

पण एक गोष्ट काही केल्या होत नव्हती. यंत्र लावूनही वर्गातलं सगळं ऐकू येतं असं नाही. पंखा मोठा असला, शिकवणाऱ्याने फळ्याकडे तोंड केलं की अर्धं बोलणं जातं. तेव्हा त्या मुलाने स्वतः सांगायला हवं की ऐकू आलं नाही. रेणुका सांगायची नाही. 'कळलं?' विचारलं की मान डोलवायची. पुढच्या वर्षी चौथीत प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक. तिथे कोण तिच्याकडे वळून बोलणार? तोंड उघडलं नाही तर यंत्र असून नसून सारखं. अक्कांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते आणि त्यांनी मनाशी धरलं होतं की जाण्याआधी ही मुलगी एकदा तरी 'ऐकू आलं नाही' म्हणाली पाहिजे.

"नंदीबैल केलाय मी तिचा," त्या म्हणायच्या. "गुबुगुबु वाजलं की मान हलते. दुसऱ्या कोणी नाही रे, मीच शिकवलंय."

त्यांनी त्यांच्या पद्धतीनेच सुरुवात केली. 'कळलं नाही' म्हणेल त्याला मणी. दोन दिवसांत वर्गात हाहाकार. कुणालाच काही कळेना. मी अजून फळ्यावर आकडा लिहितोय तोवर बसू उभा, "सर, कळलं नाही!"

"अरे, मी अजून काही विचारलंच नाही."

"ते पण कळलं नाही, सर!"

मंजुळाला स्वतःचं नाव कळेना. शुक्रवारपर्यंत निम्म्या वर्गाचे दोरे भरत आले. आणि ज्या एका मुलीसाठी हे चाललं होतं ती पाठ ताठ करून, हसून, मान डोलवत बसलेली. अक्का त्या संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत पोट धरून हसल्या. हसता हसता डोळे पुसून म्हणाल्या, "संपलं. इथे मणी चालत नाही. खोटा प्रश्न आणि खरा प्रश्न दिसायला सारखाच. आणि मला तर बाई दिसतं तेवढंच कळतं."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते कुठल्या वादात बसतं मला माहीत नाही. त्या माझ्या गणिताच्या तासाला रेणुकाच्या शेजारी येऊन बसायला लागल्या, वही-पेन्सिल घेऊन. निवृत्तीला आलेली बाई, गुडघे बाकाखाली मावत नव्हते. मी काही सांगितलं की हात वर करायच्या. "सर, मला ऐकू आलं नाही. परत सांगा." मी परत सांगायचो. "सर, अजून कळलं नाही. स्वल्प सावकाश." पहिल्यांदा वर्ग हसला. अक्कांनी हसणाऱ्यांकडे बघितलं नाही. दोनतीन आठवड्यांत मुलांना त्याची सवय झाली. मग एकदोन मुलं खरोखरच विचारायला लागली, मणी मिळत नसतानाही. रेणुका अक्कांच्या तोंडाकडे एकटक बघत राहायची. विचारलं मात्र नाही.

एप्रिलमध्ये शाळा संपली. निरोपसमारंभात मोठ्या सरांनी भाषण केलं. अक्कांचा वर्ग म्हणजे शाळेतला सगळ्यात शांत वर्ग, असं ते म्हणाले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी वाजवल्या नाहीत. नारळ आणि शाल घेऊन त्या खाली आल्या. फाटकापर्यंत मी त्यांची पिशवी घेऊन गेलो. दोन दिवसांनी त्या हेब्बाळला मुलीकडे राहायला जाणार होत्या, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

"मणी कपाटात आहेत," त्या म्हणाल्या. "पाढ्यांना दे, शुद्धलेखनाला दे, कुणी चावरा आला तर जरूर दे. सवय लावायची असेल तिथे त्याच्यासारखं दुसरं औषध नाही."

"आणि बाकीच्याला?"

"बाकीच्याला मला वेळ पुरला नाही रे." त्यांनी पिशवी माझ्या हातून घेतली. "एक कर. वर्ग फार शांत झाला ना, तर स्वल्प घाबरत जा."

त्या गेल्या. जूनमध्ये मी चौथीचा वर्गशिक्षक झालो. मी अजून मणी वापरतो, जिथे त्यांनी सांगितलं तिथे. मुलांनी डोळे मिटायचा खेळही घेतो, आणि आता प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात मागून हाक मारून बघतो. शाळेने त्याचा नियमच केला आहे. माझ्या गुरुजींनी मला पाढे दिले, तसं हे मला अक्कांनी दिलं. पदवीच्या कागदात ते नव्हतं.

त्या वर्षी पाऊस उशिरा सुरू झाला होता. एका दुपारी मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत होतो आणि लिहिता लिहिता बोलत होतो, वर्गाकडे पाठ करून. मागून एक आवाज आला, थोडा घोगरा, गरजेपेक्षा मोठा.

"सर, केळिसलिल्ल."

ऐकू आलं नाही. मी वळलो. रेणुका उभी होती. तिचे कान लाल झाले होते आणि ती बाकाची कड घट्ट धरून होती. वर्गात कुणी हसलं नाही. मी फळ्यापासून बाजूला झालो, तिच्याकडे तोंड केलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि या खेपेला मान डोलवली नाही. म्हणाली, "खालचा आकडा मोठा, तरी अपूर्णांक लहान कसा?" मी फळ्यावर भाकरीचे तुकडे काढून दाखवले. मग ती खाली बसली आणि वहीत लिहायला लागली.

शाळा सुटल्यावर मी अक्कांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे मागे त्यांच्या नातवाचा आवाज येत होता.

"मग तू काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"परत सांगितलं."

"शाबास वगैरे म्हणाला नाहीस ना तिला?"

"नाही अक्का. नुसतं परत सांगितलं."

"सरी," अक्का म्हणाल्या. "सरी, तम्मा. तेवढंच."